साथीच्या दिवसांतले घर: दार, खिडकी, माठ आणि पिंप

एप्रिल २०२० मध्ये आमच्या घरची सकाळ दुधाच्या पिशव्यांनी सुरू व्हायची. पिशव्या दाराबाहेरच्या बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, नळाखाली धरायच्या, फडक्याने पुसायच्या आणि मगच फ्रिजमध्ये ठेवायच्या. भाजीला मिठाच्या पाण्याची अंघोळ, नोटांना इस्त्री, वर्तमानपत्र बंद. हे सगळे चालू असताना बैठकीच्या खोलीच्या खिडक्या मात्र आम्ही घट्ट लावून घेतल्या होत्या, कारण बाहेरची हवा नको होती. रात्री त्याच बंद खोलीत पाच जण पत्ते खेळत बसायचो. त्यातला एक माझा पुतण्या, दिवसभर औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभा राहून आलेला.

वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या सीडीसीने एक हिशेब मांडला. विषाणू असलेल्या वस्तूला हात लागून कोरोना होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. म्हणजे चोर ज्या वाटेने जवळजवळ येतच नव्हता तिथे आम्ही खडा पहारा दिला होता आणि तो जिथून येत होता तिथे, पुतण्याच्या श्वासाशेजारी, पत्ते पिसत बसलो होतो. आम्ही वाचलो त्यात शहाणपणापेक्षा नशिबाचा वाटा मोठा.

साथ आली की पहिली सूचना ठरलेली असते: घरी राहा. सूचना सोपी आहे आणि पुष्कळदा बरोबरही असते. पण तिच्यात दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे रोग बाहेर आहे आणि घर त्याला अडवते. दुसरी म्हणजे प्रत्येकाला घर आहे आणि त्यात रोगापासून बाजूला होण्याइतकी जागा आहे. महाराष्ट्राने गेल्या सव्वाशे वर्षांत पाहिलेल्या साथी एकापुढे एक मांडल्या तर ही दोन्ही गृहीते पुन्हा पुन्हा मोडलेली दिसतात. एका साथीत घर किल्ला ठरले, दुसरीत सापळा. फरक पडला तो रोगाच्या वाटेने. म्हणून घरात सुरक्षित कसे राहायचे, याआधी रोग आपल्या घरात कोणत्या वाटेने येतो, हे विचारायला हवे. त्याच क्रमाने हा आढावा.

उंदीर पडला

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. तेव्हाचे प्रशासन रोगाचे मूळ घाणीत आणि दूषित हवेत शोधत होते. त्यामुळे सगळा मारा घरांवर झाला. कौले काढून ऊन आत घेतले, भिंतींना चुना फासला, अंथरुणे-पांघरुणे जाळली, गटारांत कार्बोलिकचे पाणी सोडले. ज्या घराच्या भिंतीवर ‘यूएचएच’ अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवली, ते घर माणसाने राहण्यास अयोग्य ठरले. या सगळ्या धामधुमीत उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात पळत होते आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवाही त्यांच्याबरोबर. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून पिसवेचा दुवा दाखवला तो १८९८ मध्ये, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

खेड्यांतल्या लोकांना पिसवेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांच्याकडे एक खूण होती: उंदीर पडला. माळ्यावरून, आढ्यावरून उंदीर तडफडत खाली पडून मेला, की लोक घराला कुलूप घालून रानात, माळावर झोपड्या उभारून राहायला जात. उंदीर मेला की पिसवा दुसरे रक्त शोधतात आणि घरात मग माणूसच उरतो. त्यामुळे घर सोडणे हाच त्या साथीतला खरा उपाय होता. पुढे सरकारी डॉक्टरही गाव सोडून मोकळ्यावर राहायला सांगू लागले. म्हणजे आपल्याकडच्या आधुनिक काळातल्या एका मोठ्या साथीचा धडा ‘घरी राहा’च्या नेमका उलटा होता.

तो धडा देण्याची पद्धत मात्र आजही आठवावी अशी आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याने घरझडतीला गोरे सोल्जर लावले. देवघरापर्यंत बूट गेले, माणसे इस्पितळात आणि छावण्यांत हलवली गेली. लोक आजारी माणूस लपवू लागले, म्हणजे रोग घरातच राहिला. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असा त्यांचा समज झाला होता. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना घरातून उचलून हडपसरजवळच्या माळावर मुलगा यशवंत चालवत असलेल्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. काम एकच होते, आजाऱ्याला घरापासून वेगळे करण्याचे. एकीकडे ते बुटांनी होत होते आणि दुसरीकडे आपल्या माणसाच्या हातांनी. लोकांनी दार कोणाला उघडले, हे वेगळे सांगायला नको.

खिडकीची वाट

हवेतून येणाऱ्या रोगांचे गणित वेगळे असते. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला, पावसाळ्यानंतर दुसरी आणि कितीतरी भयंकर लाट आली आणि हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसे मेली असा अंदाज आहे. त्या वर्षीच्या मुंबईचे आकडे आजही अंगावर येतात. त्या काळच्या नोंदींनुसार युरोपीय वस्तीत इन्फ्लुएन्झाने दर हजारी ८.३ माणसे दगावली, तर ज्यांना नोंदीत ‘लो कास्ट हिंदू’ म्हटले होते त्यांच्यात दर हजारी ६१.६. विषाणू तोच होता. फरक होता तो बंगल्यात आणि खोलीत, पोटभर जेवणात आणि अर्ध्या भाकरीत.

एकशे दोन वर्षांनी तोच फरक पुन्हा मोजला गेला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याची खूण मिळाली, इतर इमारतींत सुमारे १६ टक्के. टाळेबंदी दोन्हीकडे सारखीच होती. घरी राहिलेही दोघे, पण एकाच्या घरात पाच खोल्या होत्या आणि दुसऱ्याच्या खोलीत सात माणसे.

हवेच्या बाबतीत सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनाही चुकली. मार्च २०२० मध्ये ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असे तिने ठासून सांगितले आणि वर्षभराने, मार्च २०२१ मध्ये, घरे, कचेऱ्या आणि दवाखाने हवेशीर कसे ठेवावे याची मार्गदर्शिका काढली. मधल्या काळात आपण पिशव्या धुतल्या.

आपल्या खोलीत हवा किती खेळते हे पाहायला यंत्र लागत नाही. एक उदबत्ती लावावी, खोलीच्या मध्ये ठेवावी आणि धुराकडे बघत बसावे. आजाऱ्याच्या श्वासातले बारीक तुषार जवळपास त्या धुरासारखेच वागतात. धूर रेंगाळत, वर साचत राहिला तर तुषारही तिथेच राहणार. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि दार, उघडले की धूर एका बाजूला ओढला जातो. छताचा पंखा हवा फक्त घुसळतो, बाहेर टाकत नाही. खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवला तर तो टाकतो. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा गार करून परत देतो. आजाऱ्याची खाट वाऱ्याच्या जाण्याच्या बाजूला हवी, येण्याच्या नव्हे. मध्ये बांधलेली चादर नजर अडवते, हवा नाही. एकाच खोलीत सगळ्यांना राहायचे असेल तर खिडकी उघडी, सगळ्यांच्या तोंडावर नीट बसलेला मास्क आणि जेवण वेगळ्या वेळी, कारण जेवताना मास्क उतरतो आणि गप्पा रंगतात.

पण खिडकी उघडून समोर दुसऱ्या इमारतीची भिंतच असेल तर? मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, मध्ये लांब बोळ आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. आज त्या पाडून मनोरे उभे राहत आहेत. पण मनोरा म्हणजे हवा आलीच असे नाही. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ च्या एका अभ्यासात तिथल्या अंधाऱ्या, कोंदट खालच्या घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक दिसले. साथ नसलेल्या वर्षीही तिथे हवेची साथ चालूच असते. अशा घरातल्या माणसाला ‘खिडकी उघडा’ म्हणणे म्हणजे त्याची चेष्टाच.

धारावीचे उदाहरण इथेच येते. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरात आठ-दहा लाख माणसे, बहुतेकांची मदार सामाईक शौचालयांवर. ‘घरी राहा’ ही सूचना तिथे पहिल्याच दिवशी निकामी होती, कारण संडासासाठी बाहेर पडावेच लागणार. महापालिकेने स्थानिक खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन ताप तपासणीची शिबिरे लावली, शौचालये दिवसातून अनेकदा धुवायला सुरुवात केली आणि संशयितांना शाळांत, सभागृहांत, क्रीडा संकुलात हलवले. तिथे जेवण होते, डॉक्टर होते, आणि चौदा दिवसांनी माणूस घरी परत येताना शेजाऱ्यांना दिसत होता. प्लेगच्या काळात जे सक्तीने फसले होते, ते घर सोडणे इथे विश्वासाने जमले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले.

गोवराचाही उल्लेख इथेच करायला हवा. हा हवेतून पसरणारा, सर्वांत संसर्गजन्य रोगांपैकी एक. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत टिकू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ आली आणि मुले दगावली. कोरोनाच्या काळात घरी राहण्याच्या नादात चुकलेले डोस हे त्यामागचे एक कारण. अंगावर पुरळ म्हणजे देवीचा कोप, डॉक्टरकडे जायचे नाही, खाटेभोवती कडुलिंबाचा पाला, ही चाल अजून पुरती गेलेली नाही. पाला राहू द्यावा, पण नवव्या महिन्यातला आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांतला डोस चुकवू नये, आणि आजारी मुलाला अ जीवनसत्त्व देण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

माठाची वाट

पोटाचे रोग हवेच्या उलटे वागतात. त्यांना खिडकीशी देणेघेणे नाही. ते हंड्यातून, माठातून, मोरीवरच्या हातांतून येतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची, साथ उसळली. आधी जुलाब, उलट्या. आठवडा-दोन आठवड्यांनी पायांतली शक्ती जायला लागते, जिना चढवत नाही, काही जणांना श्वासासाठी यंत्र लागते. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे, नांदेड गावातल्या विहिरीकडे वळली. त्या भागातल्या कितीतरी घरांत मॉड्युलर किचन होते, आणि काही ठिकाणी त्याच किचनमधल्या नळाला येणारे पाणी विहिरीचे किंवा टँकरचे होते. घर नवे असले म्हणून पाणी शुद्ध असतेच असे नाही.

इथली पथ्ये जुनी आणि स्वस्त आहेत. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट तशीच ठेवावी आणि झाकून गार करावे. नुसते कोमट पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे. माठात फुलपात्र बुडवून हात घालण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे किंवा नळ असलेला माठ वापरावा, कारण उकळलेल्या पाण्यात बोटे बुडाली की सगळी मेहनत वाया जाते. कच्चे चिकन चिरलेली पाटी आणि सुरी कोशिंबिरीला वापरू नये. संडासानंतर आणि स्वयंपाकाआधी साबण लावून वीस सेकंद हात धुवावेत. सॅनिटायझरने पोटाचे सगळे जंतू मरत नाहीत. नोरोव्हायरससारखे त्याला फारसे दाद देत नाहीत.

जुलाब सुरू झाले की माणूस मरतो तो शरीरातले पाणी गेल्याने. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. सलाइनशिवाय तीस टक्क्यांपर्यंत जाणारा मृत्यूदर साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरला. तेच आजचे ओआरएस, आपले जलसंजीवनी. पाकीट मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर घातक, म्हणून माप डोळ्याने नव्हे, चमच्याने घ्यावे. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे.

पिंपाची वाट

डेंगी ही तर पूर्णपणे घरातली साथ. एडिस डास दिवसा चावतो, घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. तिथे ‘घरी राहा’ म्हणणे म्हणजे डासाच्या ताटात बसा म्हणण्यासारखे. पाणी दिवसाआड येते म्हणून आपण पिंप भरून ठेवतो, आणि पिंप भरून ठेवतो म्हणून डेंगी येतो. त्यामुळे डेंगीला आरोग्य खात्याइतकेच पाणीपुरवठा खातेही जबाबदार धरायला हवे, असे मला वाटते.

आमच्या गॅलरीत निळे प्लॅस्टिकचे पिंप होते. पिंप रिकामे करून ‘कोरडा दिवस’ पाळला की झाले, असे आम्ही समजत होतो. मग एकदा उन्हात पिंप आडवे करून बॅटरीने आतली कड पाहिली. पाणी जिथवर असायचे त्याच्या जरा वर काळ्या ठिपक्यांची बारीक माळ चिकटलेली, खसखशीहूनही लहान. ती अंडी. कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी वर आले की फुटतात. म्हणून नुसते ओतून देणे पुरत नाही, आतली कड काथ्याने घासावी लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे काम आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. घासता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. आणि पिंपाचे झाकण घट्ट बसते की नुसते वर ठेवलेले असते, हेही पाहावे.

डेंगीच्या तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. फसवे असते ते ताप उतरण्याचे वळण. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरतो, घरचे सुस्कारा सोडतात आणि नेमके तेव्हाच काही रुग्णांची तब्येत ढासळते. पोटात सतत दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ किंवा बेचैनी, यातले काहीही दिसले तर प्लेटलेटच्या आकड्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

आजारी माणूस घरात असताना

वाट कोणतीही असो, बहुतेक आजारी माणसे घरीच बरी होतात. त्यामुळे साथीत घर हेच सर्वांत मोठे इस्पितळ असते आणि त्यातली परिचारिका बहुधा घरातलीच एखादी बाई, जिला रजा नाही आणि जिच्यासाठी वेगळी खाटही नाही.

मे २०२१ मध्ये माझी थोरली बहीण, अक्का, आमच्याकडे विलगीकरणात होती. वय ५८. पाचवा दिवस. आम्ही शंभर पानी वहीत ताप, नाडी, ऑक्सिजन, प्यायलेले पाणी, लघवी आणि औषधाची वेळ लिहीत होतो. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९६ दाखवत होता. अक्का म्हणाली, “अरे, मला काही होत नाहीये, दम तर मुळीच नाही.” तेव्हा राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी लोकांपर्यंत नेली होती. अक्काला खोलीतच येरझारा घालायला लावल्या. सहा मिनिटांनी आकडा ९१. तिला अजूनही दम वाटत नव्हता. या रोगाची लबाडी तीच होती. त्या संध्याकाळी तिला इस्पितळात हलवले आणि नऊ दिवसांनी ती घरी आली. आमच्याकडे वही नसती तर तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवून आम्ही गप्प बसलो असतो.

ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटे शांत बसलेले असावे, बोट गार नसावे, नखाला रंग नसावा. आकडा ९४ च्या खाली, किंवा चालल्यावर तीनहून अधिक अंकांनी घसरला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. श्वास लागणे, ओठ निळसर होणे, गोंधळल्यासारखे बोलणे, मूल दूध न पिणे, दिवसभरात लघवी न होणे, या खुणा कोणत्याही साथीत घरी थांबू नका असेच सांगतात. कोणत्या इस्पितळात, कोणाच्या गाडीने आणि कोणते कागद घेऊन जायचे, हे ताप येण्याआधी ठरलेले असावे. मध्यरात्रीचे दोन ही फोनची डायरी शोधण्याची वेळ नव्हे.

घरगुती उपायांबद्दल आपल्याकडे टोकाची दोन मते असतात. काढा, हळदीचे दूध, पेज यांनी घशाला बरे वाटते, पोटात पातळ जाते, कोणीतरी आपल्यासाठी चुलीपाशी उभे आहे हेही कळते. तेवढे त्यांचे काम. वाफेने विषाणू मरत नाही आणि पातेले कलंडून मुले भाजतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. सर्वांत महागात पडली ती स्टेरॉइडची घाई. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाचा जीव वाचवणारे हे औषध व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चिठ्ठीवरून पहिल्याच दिवशी सुरू झाले, मधुमेह्यांची साखर भडकली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले.

शेजार

माणसाला चिन्ह लावण्याची खोड मात्र साथ बदलली तरी सुटत नाही. १८९७ मध्ये भिंतीवर अक्षरे होती. मार्च २०२० मध्ये, त्याच १८९७ च्या कायद्याखाली, महाराष्ट्रात घरी विलग केलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शाईचा शिक्का आला. शिक्का पाहून लोकांना रेल्वेतून उतरवले गेले. दारावरच्या नोटिसा पाहून कामवाल्या बाईंना, पेपरवाल्याला बंदी झाली, आणि आदल्या आठवड्यात ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या त्या परिचारिकांनाच सोसायटीच्या फाटकात अडवले गेले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश असल्याशिवाय रुग्णांच्या दारावर असे फलक लावू नयेत.

गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. कोकणात २०२० च्या गणपतीला चाकरमान्यांसाठी चौदाऐवजी दहा दिवसांचे विलगीकरण ठरले आणि एकाच घरात मुंबईहून आलेला मुलगा पडवीत तर आई माजघरात, असे चित्र दिसले. काही गावांत शाळेच्या खोल्या झाडून, पाणी भरून, जेवणाचे डबे लावून पाहुण्यांची सोय झाली. काही गावांत नुसत्याच काट्या राहिल्या. जिथे डबा पोहोचला तिथे लोकांनी आजार सांगितला. जिथे काट्याच राहिल्या तिथे तो लपवला, प्लेगच्या काळात लपवला होता तसाच.

घर सगळ्यांना सारखे सुरक्षितही नसते. टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या हिंसेच्या तक्रारी वाढल्या. रोजावर पोट असलेल्याला चौदा दिवस घरी बसणे म्हणजे चौदा दिवस चूल विझणे. एकट्या म्हाताऱ्याला रोगाआधी एकटेपणा खातो. त्याला रोज ठरलेल्या वेळी एक फोन, दारात ठेवलेली औषधे, मास्क लावून गॅलरीतून दोन वाक्ये, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. बातम्या दिवसातून एकदा, झोप वेळेवर, उन्हात थोडे चालणे. यात शास्त्र मोठे नाही, पण आमच्या घरात सगळ्यांत आधी मोडले ते हेच.

आमच्या भागात डासांच्या अळ्या तपासायला येणाऱ्या ताई गेल्या पावसाळ्यात आल्या, तेव्हा या लेखाची टिपणे माझ्या टेबलावर पसरलेली होती. मी मोठ्या उत्साहाने त्यांना घासलेले पिंप दाखवले, कुंड्यांखालच्या कोरड्या बश्या दाखवल्या. त्यांनी मान डोलावली आणि स्वयंपाकघराकडे पाहत म्हणाल्या, “काका, फ्रिज जरा पुढे ओढता का?”

फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर एक ट्रे असतो, हे मला माहीतच नव्हते. त्यांनी बॅटरी मारली. दोन बोटे पाण्यात आठ-दहा अळ्या शेपट्या हलवत वर-खाली करत होत्या. ज्या फ्रिजमध्ये आम्ही धुतलेल्या पिशव्या ठेवल्या होत्या, त्याच्याच पाठीमागे. ताईंनी ट्रे मोरीत ओतला, मला घासायला दिला आणि वहीत आमच्या घरापुढे फुली मारली.